माहिती देणारा : मुलगा, वय १२

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा मनोविकारांची ओपीडी असते. तिथे मी समाजसेवेचं काम बघते. केसपेपरवर 'माहिती देणारा' असा रकाना असतो, त्यात नवरा, सासू, भाऊ असंच काहीतरी भरायची सवय. त्या दिवशी 'मुलगा, वय १२' लिहावं लागलं.

आईला स्किझोफ्रेनिया. एरवी सासू घेऊन यायची, पण तिचे गुडघे धरलेले. बाप ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको आजारी म्हणून हा अर्ध्या कोयत्यावर गेलेला, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारी उचलही निम्मीच.

पोरानं पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाच्या हिशोबासारख्या खुणा. आई झोपली की टिक, रात्रभर जागी बडबडत राहिली की फुली, इंजेक्शनच्या तारखेला गोल. डॉक्टरांनी मागची पानं उलटून पाहिली. दर महिन्याला तेच : गोलानंतर तीन आठवडे टिका, मग फुल्याच फुल्या. इंजेक्शन महिनाभर पुरतच नव्हतं. सासूनं दर वेळी "बरी हाय" एवढंच सांगितलेलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं अंतर ठरवलं. मधलं इंजेक्शन इथल्या सिस्टर देतील, आमच्या फेरीची वाट बघायची नाही.

"किती शहाणं लेकरू!" सिस्टर म्हणाल्या. मला या वाक्याची धास्तीच आहे. असं कौतुक झालं की घरातले निर्धास्त होतात आणि सगळं त्या पोराच्या गळ्यात पडतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारा माणूस, होता येत नाही. घरात कोण विचारतंय कायदा!

आई इंजेक्शनच्या रांगेत असताना त्याला बाहेर नेलं. तुला काही विचारायचंय का, म्हटलं. बराच वेळ चप्पल घासत राहिला.

"म्या तिच्यासंगं भांडलो व्हतो. त्याच्यानं वाढलं का?"

नाही, म्हटलं. भांडणानं हा आजार होत नाही.

"मला पन व्हईल का?"

हा प्रश्न लेकरं विचारतातच, फक्त कुणी विचारू देत नाही. खरं ते सांगितलं. एरवी शंभरातल्या साधारण एकाला होतो, आई किंवा वडलांना असेल तर दहा जणांना. म्हणजे नव्वदांना होत नाही.

"नव्वद म्हंजे पैला नंबर की," तो म्हणाला.

मुलांच्या सांभाळासाठी सरकारी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला घेतला. पालकाला गंभीर आजार असेल तर मूल त्यात बसतं. बापाच्या सहीसाठी मुकादमाला फोन केला, तो काही उचलेना. मग शेजारी राहणाऱ्या चुलतीला लावला. "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. पोरानं माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, गोळी घे म्हनायचं न्हाई. ताटाशेजारी ठिवायची अन् दुसरंच कायतरी बोलायचं. थरथरीची गोळी येगळी, बारकी हाय ती."

"रोज?"

"येक दिस तू, येक दिस मी."

मी मध्ये पडले. रोजच्या गोळ्या काकूच देईल, तू शाळेचं बघ. काकू कुरकुरत तयार झाली. "पर संक्रांतीला मी म्हायेरी जानार हाय," ती म्हणाली, "तवाचं तुमी बघा."