जीपची बॅटरी सीटखाली नेली, आणि फ्यूजवरून मिस्तरीशी वाद

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण अशा दुपारी चोपड्याहून घरी आलेल्या डिझेल जीपचं बोनेट उघडून बॅटरीच्या डब्याला हात लावून बघा, हात टिकत नाही. आमच्या मळ्यातल्या जुन्या जीपची बॅटरी बरोबर एक्झॉस्टच्या बाजूला बसवलेली, आणि दर दोन-अडीच वर्षांनी नवीन घ्यायची हे ठरलेलंच. लोक म्हणतात थंडीत गाडी स्टार्ट होत नाही म्हणजे थंडीनं बॅटरी मारली, पण आपल्याकडं बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं डिसेंबरात. उष्णतेनं आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं, ढोबळ हिशोब असा की १० डिग्री तापमान वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

तर ठरवलं की बॅटरी मागच्या सीटखाली न्यायची. कल्पना काही माझी नाही, जुन्या मिनी गाडीत १९५९ पासून बॅटरी डिक्कीत होती आणि बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत आजही मागंच असते. फक्त त्यांचं सगळं कारखान्यात डिझाइन होऊन येतं, आपलं शेडमध्ये होतं, आणि फरक सगळा तिथं आहे.

पहिली गोष्ट तार. बॅटरी पुढं होती तेव्हा सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत, जेमतेम हात-दीड हात केबल होती. आता ४ मीटर. डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना ३०० अँपिअरच्या आसपास सहज ओढतो, सुरुवातीचा झटका तर त्याहून मोठा. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल, लॅटरल (झाडांना पाणी देणारी नळी) लांब केली आणि नळी बारीकच ठेवली तर शेवटच्या झाडाला प्रेशर मिळत नाही, इथं प्रेशर म्हणजे व्होल्टेज. हिशोब सोपा आहे, तांब्याची १६ स्क्वेअर एमएमची तार घेतली तर ४ मीटरमध्ये ३०० अँपिअरला जवळपास १.३ व्होल्ट तारेतच जातात, ३५ ची घेतली तर ०.६, आणि ७० ची घेतली तर ०.३. बारा व्होल्टातले सव्वा-दीड व्होल्ट रस्त्यातच गेले तर सेल्फ कुंथणारच, मग लोक म्हणतात बॅटरी बेकार निघाली. मी ७० ची घेतली. दुकानात गेल्यावर "सेम जाडी आहे, निम्म्या भावात घ्या" म्हणून एक केबल दाखवली, सुरीनं थोडी खरवडली तर आत चंदेरी, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ती घेऊ नका, तेवढ्याच जाडीत रेझिस्टन्स दीडपट भरतो आणि थिंबलमध्ये (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबल्यावर काही दिवसांनी सैल पडते. वेल्डिंगची खरी तांब्याची केबल चालते, मऊ असते, वळते चांगली, फक्त तिचं रबर डिझेल-ऑइलमध्ये भिजून फुगतं म्हणून वरून पूर्ण स्लीव्ह पाहिजेच.

आता तो वाद. आमचे वायरिंगवाले मिस्तरी, वयानं आप्पांच्या बरोबरीचे, हात एकदम साफ, पण मी फ्यूजचा डबा काढला तर हसायला लागले. "सेल्फले कोठे फ्यूज ऱ्हास का भो?" म्हणजे सेल्फला कुठं फ्यूज असतो का. आणि खरं सांगू का, त्यांचं चूक नव्हतं. बहुतेक गाड्यांत सेल्फच्या मेन केबलला कंपनीतूनच फ्यूज नसतो. पण ती केबल हात-दीड हाताची असते, ती घासली जाईल असं फारसं काही वाटेत नसतं. आपली केबल आता सीटखालून, फ्लोअरमधून, चॅसीच्या कडेकडेनं, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) जाणार, आणि आमचा रस्ता म्हणजे अर्धा वेळ नांगरलेल्या शेताची कड. कुठं तरी पत्र्याच्या धारेवर इन्सुलेशन कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं तर चांगली बॅटरी हजार-हजार अँपिअर सोडते. सेकंदात तार लाल होते, आणि वर सीटचा फोम, खाली डिझेलची पाइप. तेव्हा धावत जाऊन पाना शोधून टर्मिनल काढू म्हणणाऱ्यानं आधी तापलेल्या टर्मिनलला हात लावून दाखवावा.

मिस्तरींना मी एवढंच म्हटलं की काका, फ्यूज सेल्फसाठी नाहीच, तारेसाठी आहे. मंग ते थोडं थांबले, चहा घेतला, आणि म्हणाले लाव बाबा.

म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, वीतभर अंतराच्या आत. सेल्फजवळ लावला तर काही उपयोग नाही, कारण बॅटरी ते फ्यूज मधली सगळी तार उघडीच राहिली. मी ३०० अँपिअरचा मेगा फ्यूज लावला, तो स्लो असतो, सेल्फच्या क्षणभराच्या झटक्याला उडत नाही पण शॉर्टला उडतो. लहान पेट्रोल गाडीला याच्यापेक्षा लहान लागेल, तो सेल्फ किती ओढतो ते क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं) लावून बघायचं आणि तार तेवढं झेलते का ते बघून ठरवायचं. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचा काचेचा फ्यूज इथं लावणारा माणूसही मी बघितलाय, असो.

केबल नेताना डिझेलच्या पाइपची बाजू सोडून दुसरी बाजू धरली, सायलेन्सरपासून लांब. पत्र्याला जिथं भोक पाडलं तिथं कड घासून रबरी ग्रोमेट, आणि हातभर अंतरावर क्लिप, म्हणजे तार लोंबकळणार नाही. आपल्याकडं एक सवय आहे, मळ्यात उरलेली ठिबकची नळी कापून तीच वायरिंगला स्लीव्ह म्हणून घालायची. घरच्या मोटारीच्या वायरला घाला, गाडीत नको. ७० च्या केबलला १६ एमएमची लॅटरल बसायची मारामार, आणि बसली तरी ते पॉलिथिन आहे, सायलेन्सरच्या झळीत मऊ पडून चिकटतं आणि पेटलं की थेंब थेंब जळत गळतं. गाडीची नागमोडी काळी कंड्युट मिळते ती घ्या. उंदरांचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही, गाडी कपाशीच्या गंजीजवळ लावू नका एवढंच.

थिंबल हायड्रॉलिक प्रेसनं दाबून घेतली, हातोडीनं ठोकून नाही, आणि नुसत्या सोल्डरवर तर अजिबात नाही, कारण जॉइंट तापला की सोल्डर वितळतं. वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवलं की आवळून बसणारी नळी.

निगेटिव्हकडं लोक बघतच नाहीत. जेवढा करंट प्लसमधून जातो तेवढाच परत यायला पाहिजे. बॅटरीच्या मायनसपासून चॅसीला तेवढीच जाड केबल, पेंट खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. पण इथं काम संपत नाही, इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसी ते इंजिन वेगळी अर्थ पट्टी लागते. आधी मायनसची केबल इंजिनजवळच होती तेव्हा जुनी गंजलेली पट्टी चालून जात होती, आता सगळा करंट तिच्यातून. ती कच्ची असेल तर करंट दुसरी वाट शोधतो, अॅक्सिलरेटरची केबल, गिअरचा रॉड, जे मिळेल ते, आणि अॅक्सिलरेटर केबल गरम होऊन जाम झालेल्या गाड्या असतात. नवीन पट्टी टाकाच.

पुढं जिथं जुनी बॅटरी होती तिथं एक इन्सुलेटेड स्टड (बॉडीला न टेकणारा बोल्ट) बसवला, गाडीच्या फ्यूजबॉक्सची वायर तिथं जोडली, रबरी टोपी लावली. कधी जंप स्टार्ट द्यायची वेळ आली तर सीट उचलायला नको.

आता गॅस. मेंटेनन्स फ्री म्हणजे बंद बॅटरी असा आपल्याकडं पक्का समज आहे, तसं नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतोच, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेटतो. बोनेटखाली तो उडून जातो, सीटखाली नाही. त्यामुळं व्हेंटला नळी लावता येणारी व्हीआरएलए (जादा गॅस व्हॉल्व्हमधून सोडणारी) बॅटरी घेतली, ती झाकणाच्या पेटीत, आणि नळी फ्लोअरमधून बाहेर. फ्यूज आणि बॅटरी तोडायचा कटऑफ स्विच दोन्ही पेटीच्या बाहेर, कारण ठिणगी पडणार ती तिथंच. स्विच चालू इंजिनवर कधीच बंद करायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड जातात. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर तिथं बॅटरी न्यायचा विषयच काढू नका. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बसवू का असं भाच्यानं विचारलं होतं, ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फचं काम तिचं नाही.

बॅटरी २० किलोची. अपघातात २० पट झटका धरला तर ४०० किलोचा जोर, तो पट्ट्यावर किंवा सुतळीवर थांबत नाही. अँगलची फ्रेम, चॅसीला बोल्ट, वर क्लॅम्प, आणि क्लॅम्पचं लोखंड प्लसपासून लांब. काम करताना हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा, काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही.

झाल्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो. एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी सेल्फच्या बोल्टला, आणि आप्पांना म्हटलं मारा सेल्फ. पाव व्होल्टच्या वर थोडं. अर्धा व्होल्टच्या आत असलं की चांगलं. मग तसंच बॅटरीचा मायनस ते इंजिनचा ब्लॉक, तिथंही मीटर जेमतेम हललं. चालू गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही पोचतंय. नंतर कन्नडचा घाट चढून आल्यावर प्रत्येक थिंबलला हात लावून बघितला, जिथं गरम लागेल तो जॉइंट कच्चा, एकही लागला नाही.

नवीन गाडीला मात्र हे करू नका असंच सांगीन, मायनस टर्मिनलवर बऱ्याचदा सेन्सर असतो, त्याला चुकवून अर्थ जोडली की चार्जिंगचा सगळा हिशोब बिघडतो, शिवाय वॉरंटी आणि इन्शुरन्सच्या क्लेमला भांडण वेगळं. त्यांनी बॅटरीभोवतीचं उष्णतेचं कव्हर नीट आहे का तेवढं बघावं, बऱ्याचदा सर्व्हिसिंगला काढलेलं परत बसवलेलंच नसतं.

आमच्याकडं आता एकच भांडण शिल्लक आहे, सीटखाली आधी जॅक आणि आप्पांची पाण्याची कॅन असायची, ती दोन्ही आता माझ्या पायाशी असतात.