85 मारूनही हँडिकॅप वाढला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि एकदाच सगळं लिहून टाकतो. परवा गोल्फच्या राउंडला मी 85 फटके मारले; या खेळात कमी तितकं चांगलं. कित्येक महिन्यांतला माझा सर्वांत चांगला राउंड. दुसऱ्या दिवशी बघतो तर हँडिकॅप, म्हणजे स्पर्धेत फटक्यांतून किती सूट मिळायची ते ठरवणारा आकडा, 0.8 ने वाढलेला; खेळ सुधारला की तो खरं तर उतरायला हवा. तेव्हापासून चौघांनी विचारलं, आणि त्यातल्या दोघांच्या सुरात शंका होती.

हँडिकॅप ही तुमच्या खेळाची सरासरी नव्हे, हे मी दर वेळी सांगतो. शेवटच्या 20 राउंडांतले उत्तम 8 निवडायचे आणि फक्त त्यांची सरासरी काढायची. 2020 साली जागतिक पद्धत आली तेव्हापासून असंच आहे. उरलेले 12 नुसते बसून असतात, म्हणून 98 मारून आलात तरी आकडा बहुतेक वेळा हलत नाही. एखाद्या होलवर 11 लागले तरी पार (त्या होलचे ठरलेले फटके) अधिक दोन, अधिक तिथे तुम्हाला सूट म्हणून मिळणारे स्ट्रोक, एवढेच धरतात. नवं कार्ड आत आलं की सर्वांत जुनं बाहेर पडतं. परवा माझं जे बाहेर पडलं ते 79 चं होतं. त्याची जागा 85 कसं भरून काढणार? यात लबाडी कुठे आहे?

पण ते 79 चं कार्ड निघालंच आहे, तर त्याचंही सांगतो.

गेल्या दिवाळीआधीचं मंथली मेडल, म्हणजे क्लबची महिन्याची स्पर्धा. माझा इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा आकडा, 16.4 होता, मेडलला मिळाले 16 स्ट्रोक. त्या दिवशी पटिंग असं काही लागलं की चौदाव्या होलनंतर मी कॅडीशी बोलणंच बंद केलं. ग्रॉस, म्हणजे मारलेले फटके, 79; त्यातून 16 वजा, नेट 63. दुसरे आले ते आमच्याच चौघांच्या गटातले काका, नेट 64. सत्तरी ओलांडलेला माणूस. सगळ्यांत आधी माझा हात त्यांनीच हातात घेतला. मग चहाच्या टेबलावर एकाने सर्वांसमोर विचारलं, "सगळी कार्डं भरतोस ना रे?" मी म्हणालो, "सगळी."

ते खरं नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्यातल्या मधल्या दिवशी, मित्रांबरोबर, मी दोनदा 84 मारले होते. आमच्याकडे अशा राउंडांचीही कार्डं भरायची असतात. मी भरली नाहीत. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की हे आपसातलं खेळणं, होलजवळचे एकदोन छोटे पट (पटिंगचे फटके) न मारताच सोडून दिलेले, ते काय मोजायचं? पण त्याच पावसाळ्यात, त्याच मित्रांबरोबर मारलेले 95 आणि 97 मी इमानाने भरले होते. तेव्हाही पट सोडलेच होते की! आज तेव्हाच्या त्या माझ्याशी मी भांडतो तेव्हा तो म्हणतो, मी ठरवून काही केलं नाही, राहून गेलं. पण वाईट कार्डं राहून जात नाहीत आणि चांगलीच राहून जातात, याचं उत्तर त्याच्याजवळ नाही. माझ्याजवळही नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. ग्रॉसमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, 113 ने गुणायचं, स्लोपने भागायचं; येतं ते डिफरन्शियल, सरासरीत धरतात तो राउंडचा आकडा. रेटिंग आणि स्लोप म्हणजे कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे. आमचं रेटिंग 70.8, स्लोप 125. म्हणजे 84 चं डिफरन्शियल 11.9. ती दोन कार्डं माझ्या आठांत शिरली असती तर इंडेक्स 14.8 च्या आसपास असता, स्ट्रोक 14 मिळाले असते आणि नेट 65 झाला असता. कप काकांचा होता.

तीन दिवसांनी मी समितीकडे गेलो आणि दोन्ही कार्डं दिली. निकाल जाहीर झालाय, आता राहू दे, असं सांगण्यात आलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्या 79 चं डिफरन्शियल 7.4 होतं, 16.4 पेक्षा बरोबर 9 ने कमी. 7 ते 9.9 इतकी तफावत पडली की पद्धत आपणहून एक स्ट्रोक जादा कट करते, 10 किंवा जास्त असेल तर दोन. त्यामुळे मेडलनंतर माझा आकडा 16.4 वरून थेट 14 वर आला होता, ती दोन कार्डं धरण्याआधीच. पुढे महिनोन् महिने 92, 94 मारत त्या हँडिकॅपवर हरत राहिलो. त्याने फिटलं, असं मला मध्यंतरी वाटायचं. पण माझ्या हरण्याने काकांना काय मिळालं? आणि तरीही, 79 तर मी खरोखर मारले होते. तो एकही फटका खोटा नव्हता. हे म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

परवा विचारणाऱ्या चौघांत काकाही होते. त्यांच्या आवाजात शंका नव्हती, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. पार्किंगमध्ये उभं राहून मी त्यांना कार्डाच्या मागे आकडे मांडून दाखवले. 20 पैकी 8, जुनं जातं, नवं येतं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग ते 79 कधीचं रे?"

"दिवाळीआधीचं," मी म्हणालो, आणि त्यांचं किट डिकीत ठेवायला वाकलो.