वायरीवरचे बटण

टेबललॅम्पच्या वायरीवर, दिव्यापासून हातभर अंतरावर, एक छोटेसे बटण असते. रात्री पुस्तक मिटले की हात डोळ्यांची मदत न घेता वायरीवरून सरकत जातो, बोटांना तो लहानसा उंचवटा लागतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि खोलीत अंधार होतो. या सगळ्या व्यवहारात आपण त्या बटणाकडे पाहतच नाही, मग ते कोणी घडवले असेल हा प्रश्न मनात येणे तर दूरच. खुर्चीला किंवा दिव्याला कर्ता असतो हे आपण मान्य करतो. बटण मात्र विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते, एवढेच त्याचे कुळ आणि एवढेच त्याचे गोत्र.

अशा एका बटणाचे कुळ मात्र ठाऊक आहे. ते १९६८ साली मिलान शहरात आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी व्हीएलएम या कंपनीसाठी तयार केले. कडा गोलसर, पकड सुखाची आणि दाबल्याचे कानाला कळावे असा स्पष्ट आवाज. ते लाखोंच्या संख्येने विकले गेले आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना या भावांचे नावही माहीत नव्हते. ज्यांच्या वस्तू न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेल्या आहेत, त्या आकिले यांना आपल्या साऱ्या कामात विशेष अभिमान होता तो याच बटणाचा. लोक ते आपले नाव पाहून नव्हे, तर चांगले आहे म्हणून विकत घेतात, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटे.

आकिले यांचा जन्म १९१८ सालचा. वडील जान्नीनो हे शिल्पकार. लिव्हिओ, पिएर जाकोमो आणि आकिले हे तिघेही भाऊ वास्तुविशारद झाले, पण त्यांची कीर्ती झाली ती इमारतींपेक्षा दिवे, स्टुले, रेडिओ, चमचे आणि प्रदर्शनांची मांडणी यांमुळे. लिव्हिओ पुढे वेगळे काम करू लागले; धाकटे दोघे मात्र पिएर जाकोमो यांच्या मृत्यूपर्यंत असे एकजीव होऊन काम करत राहिले, की कोणती कल्पना कोणाची हे सांगण्याची सोयच उरली नाही.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध दिवा म्हणजे १९६२ साली फ्लॉस या कंपनीसाठी केलेला ‘आर्को’. पायाशी पांढऱ्या कार्रारा संगमरवराचा ठोकळा, त्यातून वर निघून कमानीसारखी वाकत गेलेली पोलादी पट्टी आणि तिच्या टोकाला ॲल्युमिनियमचा घुमट. एखाद्या श्रीमंती दिवाणखान्याचे छायाचित्र काढायचे ठरले, की कोपऱ्यात हा दिवा उभा केला जातो. या दिमाखामागचा मूळ प्रश्न मात्र अगदी घरगुती होता. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड पडायला हवा असेल तर छताला भोक पाडून दिवा टांगावा लागतो, आणि एकदा तो टांगला की टेबलाची जागा बदलता येत नाही. दिवा जमिनीवर उभा राहिला आणि तरीही उजेड टेबलाच्या मधोमध पडला, तर छत वाचेल आणि टेबलही मोकळे होईल. रस्त्यावरचा दिव्याचा खांब हेच करतो. तो एका कडेला उभा राहून उजेड दुसरीकडे टाकतो. आता खांब आणि टेबल यांच्यामध्ये अंतर किती असावे? तर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागून ताटे घेऊन कोणाला सहज जाता यावे, एवढे. म्हणून घुमट पायापासून सुमारे दोन मीटर पुढे येतो. एवढा पुढे झुकलेला दिवा कलंडू नये म्हणून पायथ्याला सुमारे पासष्ट किलो वजन हवे. संगमरवर कमी जागेत भरपूर वजन देतो, म्हणून संगमरवर. आणि पासष्ट किलोचा दगड हलवायचा कसा? त्यासाठी ठोकळ्याला आरपार एक भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी उचलायचे. ठोकळ्याचे कोपरेही छाटलेले आहेत, म्हणजे पाय आपटला तरी फार लागणार नाही.

त्या भोकावर माझा फार जीव आहे. पाहणाऱ्याला ते शोभेचे वाटते आणि शोभतेही, परंतु ते तिथे आहे ते केवळ झाडूसाठी. आपल्याकडच्या फर्निचरच्या दुकानांतही या दिव्याच्या नकला उभ्या असतात. अशी नकल दिसली की मी आधी भोक शोधतो. कधी ते नसतेच, कधी इतके बारीक असते की त्यात पेन्सिलदेखील जाऊ नये. नकल करणाऱ्याने आकार उचललेला असतो. दिवा घरात कोण उचलणार, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

‘आर्को’च्या पाच वर्षे आधीची, १९५७ सालची दोन स्टुले या भावांचा खट्याळपणा अधिक उघड करतात. कोमो सरोवराकाठच्या व्हिला ओल्मोमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनात त्यांनी ती मांडली. पहिल्याला, म्हणजे ‘मेझ्झाद्रो’ला, बसायला चक्क ट्रॅक्टरची पत्र्याची सीट आहे. ती एका वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली आहे आणि खाली तोल सांभाळायला एक आडवे लाकूड आहे. ट्रॅक्टरवर त्या पट्टीचे काम धक्के सोसण्याचे; दिवाणखान्यात धक्के नसले तरी बसणाऱ्याला तिची हलकी उसळी मिळते. दुसरे, ‘सेल्ला’, म्हणजे दांड्यावर बसवलेले सायकलचे सीट, आणि त्या दांड्याखाली अर्धगोल जड बूड. फोनवर बोलताना माणसाला धड उभे राहवत नाही आणि धड बसवतही नाही, हे आकिले यांनी स्वतःवरूनच ताडले होते. बूड गोल असल्यामुळे हे स्टूल एका जागी स्थिर राहत नाही. बोलणाऱ्याने टेकावे, डुलावे, उठावे, अशीच त्याची योजना आहे. ज्याला निवांत बसायचे आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत. उद्योजकांनाही हे प्रकरण सहजी पचले नसावे, कारण झानोत्ता कंपनीने ‘मेझ्झाद्रो’ बाजारात आणले ते दशकभराहून अधिक काळाने आणि ‘सेल्ला’ तर १९८३ साली.

स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर मात्र हा खट्याळपणा शहाण्यासारखा वागतो. मेयोनेजच्या बरणीत तळाशी आणि कडेला जे चिकटून राहते, ते साध्या चमच्याने निघत नाही. १९६२ साली क्राफ्ट कंपनीसाठी या भावांनी प्लॅस्टिकचा एक चमचा केला, ज्याची एक कड सरळ आहे आणि ती बरणीच्या आतल्या बाजूला लागून फिरते. पुढे आलेस्सी कंपनीसाठी केलेल्या तेल आणि व्हिनेगरच्या भांड्यांना असे झाकण आहे, की त्याच्या मागच्या टोकाला भार ठेवलेला असतो. भांडे कलते केले की झाकण आपोआप उघडते आणि सरळ केले की मिटते. तेलकट हाताने बुधलीचे झाकण काढून ते ठेवायला जागा शोधणाऱ्या कोणालाही याचे मोल वेगळे सांगायला नको. तशीच त्यांची रक्षापात्राची युक्ती: वाडग्याच्या काठावर एक स्प्रिंग बसवलेली, तिच्या वेढ्यांत सिगारेट अडकून राहते, म्हणजे कामात बुडालेला माणूस ती विसरला तरी टेबल जळत नाही, आणि धुवायच्या वेळी स्प्रिंग उचलून बाजूला काढता येते.

हे सारे सुचायला पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय आकिले आयुष्यभर जोपासत राहिले. मिलानमधल्या पिआत्सा कास्तेल्लो या चौकातल्या त्यांच्या स्टुडिओत नानाविध बिननावाच्या वस्तू साठलेल्या होत्या: खेळणी, चष्मे, हत्यारे, गवळ्याचे एका पायाचे स्टूल. तोरिनो आणि मिलान येथे शिकवताना यांतल्या काही ते वर्गात नेत, एकेक बाहेर काढत आणि ती कशी वापरतात ते स्वतः करून दाखवत. कुतूहल नसेल तर या वाटेला येऊ नका, असे ते विद्यार्थ्यांना बजावत. तो स्टुडिओ पुढे त्यांच्या नावाच्या संस्थेने लोकांना पाहायला खुला केला.

पिएर जाकोमो गेले ते १९६८ सालीच, बटणाच्याच वर्षी. त्यानंतर आकिले यांनी एकट्याने केलेल्या कामांपैकी मला सर्वांत आवडणारा दिवा म्हणजे १९७१ सालचा ‘पारेन्तेझी’, आणि तो खरे तर एकट्याचा नव्हे. पिओ मांझू या तरुण डिझायनरने उभ्या दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या दिव्याची कल्पना मांडली होती. १९६९ साली, वयाच्या तिशीत, मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि कल्पना कागदावरच राहिली. आकिले यांनी ती हाती घेतली. दांड्याऐवजी त्यांनी छतापासून जमिनीपर्यंत पोलादी तार ताणली, खाली वजन लावले आणि तारेवर कंसासारखी वाकवलेली एक नळी ओवली. नळी वाकडी असल्यामुळे तार तिच्यात घासते, आणि त्या घर्षणावरच दिवा हव्या त्या उंचीवर थांबतो. ना स्क्रू, ना खटका. हाताने वर ढकलायचा किंवा खाली ओढायचा, बस्स. कल्पनेचा असा कायापालट केल्यानंतर हा दिवा आपला म्हणवून घेणे आकिले यांना कठीण नव्हते. पण तो बाजारात आला तो आकिले कास्तिल्योनी आणि पिओ मांझू अशा दोन नावांनी, आणि १९७९ साली इटलीचा ‘कॉम्पासो द’ओरो’ हा डिझाइनमधला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला, तोही दोघांच्याच नावाने.