सागाची पानं तोलताना

झाडाच्या जाडीवरून त्याच्या खोडाचं, फांद्यांचं आणि पानांचं कोरडं वजन सांगणारी समीकरणं बसवायची, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प. त्यासाठी ऑक्टोबरात मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका साग रोपवनात गेले. विरळणीत, म्हणजे दाटी कमी करायला, पाडली जाणारी ११ झाडं मोजायची परवानगी मिळाली होती. उशीर करून चालणार नव्हतं. हिवाळ्यात सागाची पानगळ लागली, की झाडावरच्या पानांचं वजन कायमचं हातचं जातं.

झाड उभं असतानाच १.३७ मीटर उंचीवर घेर घेतला. पहिल्याचा ६२ सेंमी, म्हणजे व्यास १९.७. आडवं पाडल्यावर बुंध्याचे ओंडके तोलून झाले, चकत्या काढून त्यांचंही वजन तिथेच घेतलं. खरे कष्ट फांद्यांचे. प्रत्येक फांदीची बुडाशी जाडी व्हर्निअरने मोजली. सगळ्या फांद्यांची पानं ओरबाडणं शक्य नव्हतं, म्हणून बारीक, मध्यम, जाड असे गट पाडून प्रत्येकातून काही निवडल्या. उरलेल्यांचं वजन जाडीवरून काढता येतं. मात्र जाडी दुप्पट झाली तर वजन चौपटीहूनही जास्त वाढतं, त्यामुळे जाड फांद्या टाळून चालत नाही. ताडपत्रीवर पानं आणि डहाळ्या वेगळ्या करताना कोवळ्या पानांच्या लाल रसाने बोटं रंगली.

पहिल्या दोन झाडांच्या पानांचे नमुने मी कापडी पिशव्यांत भरले आणि संध्याकाळी मुक्कामी तोलले. तिसऱ्या दिवशी आमच्यासोबतचे मजूर काका म्हणाले, "पान सुकून राह्यलं न बाई, आत्ताच तोला."

तो नमुना मी जागेवर तोलला: ५०० ग्रॅम. संध्याकाळी तोच ४३० भरला. पुढे प्रयोगशाळेत ७० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवल्यावर १७० उरला. जागेवरच्या वजनाशी हे प्रमाण ०.३४ येतं, संध्याकाळच्या वजनाशी जवळपास ०.४०. त्या झाडाची ओली पानं १८ किलो होती; कोरडी एका हिशेबाने ६.१ किलो, दुसऱ्याने ७.१. झाड तेच आणि पानंही तीच, तरी एक किलोचा फरक! आणि हाच आकडा पुढे हेक्टरी कार्बनच्या, म्हणजे एका हेक्टरातल्या झाडांत साठलेल्या कार्बनच्या, हिशेबात जातो. ओव्हनचे आकडे नंतर आले, पण ५०० आणि ४३० मधली तफावत पाहूनच मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

चौथ्या दिवसापासून काटा झाडाखालीच टांगला. सकाळी दव असेल तर ते सुकेपर्यंत थांबायचं, मग पानं काढायची आणि लगेच तोलायची. दिवसाला एकच झाड होऊ लागलं, पण वहीतल्या प्रत्येक आकड्यावर भरवसा बसला.

पहिल्या दोन झाडांच्या पानांचे आकडे वगळले. खोड आणि फांद्यांची समीकरणं ११ झाडांवर आहेत, पानांचं ९ झाडांवर. प्रबंधात त्याचं कारणही लिहिलं आहे.