धीट गप्पी, बुजरा गप्पी

आमच्या भंडाऱ्याकडं डासांसाठी टाक्यात गप्पी मासे सोडतात ना, त्यातबी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असते राजेहो. एखादा शिकारी माशाच्या पार तोंडापाशी जाऊन पाहून येते, दुसरा शेवाळातून निघतच नाही. त्रिनिदादच्या गप्पींवर १९९६ मध्ये अभ्यास छापून आला, त्यात माद्यांना असे धीट नरच जास्त आवडले, रंग कसाबी असो! पण लय पुढंपुढं करणारा खाल्लाबी लवकर जाते, म्हणून तर बुजरेही टिकून आहेत. आणि जाळ्यातबी धीटच जास्त सापडते: कॅनडातल्या तळ्यात भराभर वाढणारे, बिनधास्त फिरणारे ट्राउट मासे हळू वाढणाऱ्यांच्या तिप्पट सापडले. आता आपल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारायनं बांधलेल्या) तलावात रोहू-कटल्याचं बीज बाहेरून येते, त्यायचं सोडा, पण मरळ तर तिथंच अंडी घालते, मले वाटते धीट जाळ्यात गेल्यावर तिच्यात बुजऱ्यायचीच पिल्लं जास्त उरत असतीन.