जुन्या लॅपटॉपसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

विंडोज १० चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा माझा २०१६ सालचा लॅपटॉप उत्तम चालत होता. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि माझा सहाव्या पिढीचा आहे, म्हणून रीतसर अपग्रेड होणार नव्हते. माझे अनुवादाचे सगळे काम ज्या यंत्रावर उभे आहे, ते धडधाकट असताना अडगळीत टाकायला मन तयार होईना.

विंडोज लॅपटॉपसोबतच आलेली असेल, तर तिच्यासंबंधीची मदत प्रामुख्याने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे मागायची असते, हे मला या निमित्ताने कळले. त्या कंपनीच्या हेल्पलाइनवर तीन जणांना तोच अनुक्रमांक सांगितल्यावर, वॉरंटी संपली असल्याने काही करता येणार नाही, एवढेच उत्तर मिळाले. मॅकमध्ये यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने अशी टोलवाटोलवी टळते, आणि ही सोय मला खरोखर मोलाची वाटते. पण त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले असते. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अद्यतने घेतली असती, तरी निर्णय केवळ वर्षभर लांबला असता.

उरले लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. त्याची २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. शिवाय हार्ड डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तशी ती चालवली, तेव्हा वाय-फाय दिसत नसल्याचे लगेच लक्षात आले. येथे मदतीला हेल्पलाइन नाही, इंटरनेटवरील चर्चामंचावर अनुभवी वापरकर्तेच एकमेकांना उत्तरे देतात. ‘वाय-फाय चालत नाही’ या माझ्या एका ओळीवर कोणी काही सांगू शकले नाही. मात्र टर्मिनलमध्ये, म्हणजे लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, ‘आयएनएक्सआय’ (inxi) ही आज्ञा देऊन मिळालेली यंत्राची माहिती पाठवल्यावर त्याच संध्याकाळी नेमके उत्तर आले. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून मी मिंट बसवले, मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) उतरवला.

मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता आला. खरी अडचण युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धती) रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या जुन्या फायलींची होती. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. हा प्रश्न दूरदेशीच्या जाणकारांना समजावून सांगणे कठीण होते. तो सोडवला आमच्या गावात डीटीपीचे काम करणाऱ्या ताईंनी: मूळ फॉन्टची फाइल आधी यंत्रात बसवा, मजकूर नीट दिसू लागला की मगच युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रफार व जोडाक्षरे ओळीओळीने तपासा, असे त्यांनी शेजारी बसून दाखवले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रोज दोन-तीन फायली तपासून होत आहेत.