एसेनचे पंप, वाशीची उघाडी

सुट्टीवर घरी आले की मामांबरोबर एक फेरी ठरलेली. वाशीच्या मिनी सीशोअरजवळच्या धारण तलावाच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावाच्या काठाने. मामा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं होते. तो बंद पडला, देणी निम्मीच हातात आली. आज त्या जागी आयटी पार्क आहे. तरी यंदा तेच म्हणाले, "जे उभं राहिलं ते खासगीवाल्यांनी केलं गं. सरकारने नुसत्या जमिनी विकल्या."

मला हे पटत नाही. का पटत नाही, ते जर्मनीत एसेनला राहायला गेल्यावर उमजलं.

एसेन ज्यात येतं तो रूर भाग पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर जगला. बोट्रॉपची शेवटची खाण डिसेंबर २०१८मध्ये बंद झाली. पण पोटातून इतकं उपसलंय की जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. पाणी उपसणारे पंप थांबले तर वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली जातील. ते कायम चालवायचे. तिथे याला 'अनंतकाळाची कामं' असंच म्हणतात. कुठली कंपनी असलं काम अंगावर घेईल? मग २००७ साली एसेनला एक प्रतिष्ठान काढलं आणि खाण कंपनीच्या खाणीबाहेरच्या धंद्याची मालकी त्याच्याकडे दिली. त्यातली एव्होनिक ही रसायनांची कंपनी २०१३ पासून शेअर बाजारात आहे. तिचा धंदा नफ्यासाठीच चालतो, पण लाभांशाचा मोठा वाटा या प्रतिष्ठानाकडे जातो आणि त्यातून पंपांचा खर्च भागतो.

तोट्यातल्या कोळशाला अनुदान देत कित्येक वर्षं काढली, त्यात अमाप पैसा गेला, हेही खरं. पण खाणकामगार रस्त्यावर आला नाही. कोणी दुसऱ्या खाणीत गेला, कोणी वेळेआधी पेन्शनीत. हे ऐकताना मामा चालायचे थांबले.

आता आपलं बघा. वाशीचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली. आगरी शेतकरी खारजमीन बांध घालून, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) ठेवून राखत आलेले. नवी मुंबई वसवायला १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी कंपनीने तेच तत्त्व डच पद्धतीने शहराला लावलं: भरतीला दार बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीला खाडीत. १९९२ साली लोकल वाशीला आली, आणि नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला. जमिनी गेल्या ९५ गावांच्या. काचेच्या इमारती आल्या त्या पाय कोरडे राहिल्यावर आणि गाडी दारात आल्यावर. त्याआधीची वीस वर्षं थांबायला कोणता बिल्डर तयार होता?

सरकारशी माझं भांडण आहे ते पुढच्या गोष्टीवरून. भूखंड एकदाच विकला जातो, पाणी मात्र दर पावसाळ्यात येतं. तलाव गाळाने भरलेत, त्यात खारफुटी वाढली, आणि आता गाळ काढायचा तर परवानग्यांवर अडतं. प्रत्येक भूखंडाच्या किमतीतला थोडा हिस्सा पहिल्या दिवसापासून एसेनसारखा बाजूला पडला असता, त्याची मिळकत फक्त या तलावांसाठी राखली असती, तर गाळ साचण्याआधीच निघाला असता. हे अजूनही करता येईल. विकायचे भूखंड संपलेले नाहीत.

"ते प्रतिष्ठान फक्त पाणीच उपसतं?" मामांनी विचारलं.

"नाही. खाणपट्ट्यातल्या मुलांच्या शिक्षणालाही पैसे देतं."

मामा कठड्याला टेकून खारफुटीकडे बघत राहिले. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा दादा दहावीत होता.